खरी कमाई कुणाच्या हातात?

डिसेंबर-जानेवारीत नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या गावोगावच्या शाळांच्या पटांगणात एक दिवस बाजार भरतो. कुठे त्याला बाल आनंद मेळावा म्हणतात, कुठे बालबाजार, कुठे आनंदनगरी. मुलं घरून आणलेल्या पोत्यांवर आणि सतरंज्यांवर दुकानं मांडतात. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, बोरं, पेरू, भेळ, वडापाव, लिंबू सरबत असा माल असतो आणि आया, आजोबा, सरपंच, शिक्षक हे सगळे गिऱ्हाईक होतात. एरवी वजाबाकीत हातचा घ्यायला विसरणारी मुलगी पन्नासच्या नोटेतून पस्तीस कापून सुटे पैसे बरोबर परत देते. ओरडून माल विकणं, भाव पाडून मागणाऱ्या काकूंना न रागावता उत्तर देणं, संध्याकाळी उरलेली जुडी निम्म्या किमतीत काढून टाकणं, हे सगळं एका दिवसात घडतं.

मग गल्ला मोजला जातो. भेळेच्या दुकानावर दोनशे रुपये जमले की मूल सांगतं, मी दोनशे रुपये कमावले. खरा धडा इथून सुरू व्हायला हवा, आणि पुष्कळ ठिकाणी तो इथेच संपतो. चुरमुरे, शेव, चिंच-गूळ, गॅस यांतलं काहीच वजा झालेलं नसतं. आईने पहाटे उठून कांदा चिरला, बटाटे उकडले, त्या तासांची तर कुठे नोंदही नसते. जे शिक्षक त्याच दिवशी वहीत भांडवल, विक्री आणि नफा असे रकाने आखून घेतात, त्यांच्या वर्गात एखाद्या दुकानाचा तोटाही फळ्यावर येतो. तोटा झालेलं मूल हिरमुसतं खरं, पण पुढच्या वर्षी ते बाजाराच्या आधी भाव विचारून येतं.

स्काउट-गाइडच्या पथकांत या उपक्रमाला फार नेमकं नाव आहे : ‘खरी कमाई’. ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या निरनिराळ्या स्काउट संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ उभी राहिली. स्वतःच्या कष्टाने चार पैसे मिळवायचे, मागून किंवा वर्गणी काढून नाही, हा तिच्या शिस्तीचा भाग आहे. ब्रिटनमध्ये १९४९च्या ईस्टरच्या सुट्टीत स्काउट मुलांनी अशीच मोहीम सुरू केली होती. ‘बॉब-अ-जॉब’ आठवडा असं तिचं नाव. मुलं शेजाऱ्यांच्या दारात जात, बागेतलं गवत काढत, बूट पॉलिश करत, गाडी धूत आणि एका कामाचा एक शिलिंग घेत. पुढे अनेक दशकं ती चालली. तिथेही आणि इथेही जमलेला पैसा प्रामुख्याने पथकाच्या निधीत जायचा. म्हणजे मुलाने कमावलं, पण त्या पैशाचं काय करायचं हे ठरवण्याचा अनुभव त्याला मिळाला नाही. हा तपशील बारीक वाटतो, पण पुढे ज्या घरांचा आणि संस्थांचा उल्लेख येतो त्या प्रत्येक ठिकाणी प्रश्न शेवटी इथेच येऊन ठेपतो.

सावेडीसारख्या नगर शहराच्या उपनगरांत, संगमनेर-कोपरगावच्या नोकरदार वस्त्यांत, पुण्या-मुंबईच्या मराठी घरांत आता खाऊचे पैसे नुसते द्यायचे नाहीत, कामाच्या बदल्यात द्यायचे, अशी पद्धत रुजते आहे. मोटरसायकल धुतली की वीस रुपये, रद्दी बांधून दुकानात पोचवली की तिची निम्मी रक्कम. आईबापांचा हेतू चांगलाच असतो. अडचण होते ती कामं निवडताना. पाहता पाहता यादीत अंथरूण काढणं, जेवणाचं ताट उचलणं, धाकट्या भावाला शाळेतून आणणं हेही शिरतं. मग एका संध्याकाळी आजी पाण्याचा तांब्या मागते आणि नातू विचारतो, किती देणार?

या प्रश्नाला मुलाचा उद्धटपणा समजणं अन्यायाचं आहे. त्याला जो व्यवहार शिकवला, तोच त्याने पुढे नेला. मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगांतून दाखवलेलं आहे. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांचे गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रमाणपत्र मिळेल. मुलांनी चित्रं काढली, प्रमाणपत्रं घेतली. काही दिवसांनी वर्गात पुन्हा रंगीत पेनं ठेवली, तेव्हा या गटातली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. जे आवडीचं होतं ते बक्षिसाचं काम झालं होतं. २००८ साली जर्मनीत फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी जेमतेम वीस महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग तर आणखी बोलका आहे. खाली पडलेली वस्तू उचलून देणाऱ्या बाळांपैकी काहींना दर वेळी खेळण्याच्या रूपात मोबदला मिळत गेला. नंतर तो बंद झाल्यावर त्यांची मदतही कमी झाली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, ती बाळं मदत करतच राहिली.

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरकामात हात लावणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. ज्या कुटुंबांत गावाकडच्या मूळनिवासी समाजाच्या चालीरीती टिकून होत्या, तिथली मुलं न सांगता उठून कामाला लागत. शहरी, शिकलेल्या कुटुंबांतल्या मुलांना काम सांगावं लागे, आणि त्यांचं कामही बहुतेक स्वतःच्या वस्तू आवरण्यापुरतं असे. हे वाचताना अकोले तालुक्यातलं किंवा पारनेरच्या पठारावरचं एखादं घर डोळ्यांसमोर येईल. तिथे सहा-सात वर्षांचं मूल शेरडांना पाला टाकतं, कोंबड्या डालतं, दळणाचा डबा गिरणीत ठेवून येतं. त्याचे पैसे कुणी देत नाही आणि कुणी मागत नाही. ते घर त्याचं आहे, म्हणून ते काम त्याचं आहे.

तेव्हा रेघ कुठे ओढायची हे पुरेसं स्पष्ट आहे. घरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला जे काम येतं ते बिनपैशाचं. ज्यासाठी एरवी बाहेरचा माणूस लावून मजुरी द्यावी लागली असती, किंवा जे काम नेहमीच्या वाट्याच्या पलीकडचं आहे, त्याला मोल. गच्चीवरची पाण्याची टाकी घासून काढणं हे दुसऱ्या प्रकारातलं. माळ्यावरचा पसारा काढून भंगार आणि कामाच्या वस्तू वेगळ्या करणं, चिंचा फोडून चिंचोके वेगळे करणं, चाळीतला कांदा निवडून सडका बाजूला काढणं, दुकानातल्या मालाची मोजदाद करणं, हीसुद्धा त्यातलीच कामं.

मोल किती द्यायचं, यावरही एक चांगला प्रयोग आहे. यूरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. इस्राएलमधली १८० शाळकरी मुलं सामाजिक कामासाठी घरोघर देणग्या गोळा करणार होती. एका गटाला मोबदला नव्हता, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्का मिळणार होता, तिसऱ्याला १० टक्के. सगळ्यात जास्त पैसे बिनमोबदल्याच्या गटाने आणले. १० टक्केवाला गट त्याच्या खाली राहिला आणि १ टक्कावाला सगळ्यांत मागे. आईबापांनी यातून घ्यायचं ते असं : द्यायचे नसतील तर अजिबात देऊ नका, प्रेमाने काम सांगा. द्यायचे ठरवले तर मात्र हात आखडू नका. दोन तास टाकी घासणाऱ्या मुलाच्या हातावर पाच रुपये ठेवले, तर त्याला श्रमाची किंमत कळण्याऐवजी आपले श्रम स्वस्त आहेत एवढंच कळतं.

गावाकडे मुलांच्या कमाईच्या वाटा पूर्वीपासून आहेत आणि त्या कुठल्याही प्रयोगाशिवाय तयार झाल्या आहेत. जून उजाडला की कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्याच सुमारास शाळा सुरू होते आणि वह्या-पुस्तकांचा खर्च समोर येतो. निंबोळ्या वेचायच्या, वाळवायच्या आणि गावातल्या दुकानदाराला किंवा फिरत्या व्यापाऱ्याला मापाने विकायच्या, हा दुष्काळी तालुक्यांतल्या मुलांचा जुना उद्योग. उन्हाळ्यात चिंचा असतात. नगरच्या बाजार समितीत चिंचेचा मोठा व्यापार चालतो आणि त्याच्या अगदी टोकाला झाडाखाली वेचणारी पोरं असतात. काही घरांत शेळीची एक पाट मुलीच्या नावाने सोडली जाते. तिची वैरण, पाणी, औषध सगळं मुलीने बघायचं आणि तिचं करडू विकलं की पैसे मुलीचे. वर्षभराच्या अंतराने मिळणारी ही कमाई वीस रुपयांच्या मोटरसायकल-धुण्यापेक्षा कितीतरी अधिक शिकवते, कारण तिच्यात वाट पाहणं आहे, जोखीम आहे, आणि करडू मेलं तर सगळं बुडण्याची शक्यताही आहे. मात्र करडू विकायच्या दिवशी घरात पैशाची नड निघाली आणि रक्कम परस्पर खताच्या दुकानात गेली, तर त्या मुलीने काय शिकावं?

महाराष्ट्रात मुलांच्या कमाईचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात गंभीरपणे केलेला प्रयोग कर्मवीर भाऊराव पाटलांचा. कुंभोजला २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेल्या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, पाळीपाळीने दळत, रांधत, पाणी भरत. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. पुढे १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही या शिक्षणाची चौकटच झाली. विद्यार्थी शेतात राबत, बांधकामावर दगड-माती वाहत, माळरान फोडून जमीन तयार करत आणि त्या श्रमावर स्वतःचं जेवण आणि शिक्षण भागवत.

नगर जिल्ह्यावर ‘रयत’च्या या वडाच्या पारंब्या दाट उतरल्या. कर्जतचं दादा पाटील महाविद्यालय, श्रीरामपूरचं रावबहादूर नारायणराव बोरावके महाविद्यालय, कोपरगावचं सद्गुरू गंगागीर महाराज महाविद्यालय ही ‘रयत’ची महाविद्यालयं आणि त्यांच्या जोडीला जिल्हाभर पसरलेल्या माध्यमिक शाळा. शंकरराव काळे, रावसाहेब शिंदे यांच्यासारखी जिल्ह्यातली माणसं पुढे संस्थेच्या कारभारात मोठ्या जबाबदाऱ्यांवर गेली. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याच्या पोराला शिकायचं तर आधी पोटाचं काय, या प्रश्नाला भाऊरावांनी दिलेलं उत्तर या जिल्ह्याला परकं वाटण्याचं कारणच नव्हतं.

त्याच्याही आधी नगरमध्ये एक निराळा प्रयत्न झाला होता. १८३१ पासून इथे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने १८९९-१९००च्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना आश्रय दिला आणि त्यांना विणकाम, गालिचे, धातुकाम असे धंदे शिकवले. सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळा ही त्याच मिशनची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डी. सी. चर्चिल हे अभियंता-मिशनरी नगरमध्ये आले आणि त्यांनी इथेच सुधारित हातमाग तयार केला. पोरक्या मुलाच्या हातात धंदा असला तर ते भिकेला लागणार नाही, हा त्यामागचा विचार होता. त्यात करुणा होती आणि व्यवहारही होता.

पण मुलांच्या श्रमावर शाळा चालवायची म्हटलं की एक धोका उभा राहतो, आणि तो ओळखणारी माणसं तेव्हाही होती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला झालेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली. मुलांनी बनवलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, असंही त्यांचं म्हणणं होतं. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी तिथेच हरकत घेतली : शाळेला उत्पन्नाची गरज लागली की मुलांकडून शिकण्यासाठी नव्हे, उत्पादनासाठी काम करून घेतलं जाईल, आणि बाहेरच्या कारागिरांच्या पोटावरही पाय येईल. ज्यांच्या अध्यक्षतेखाली पुढे समिती नेमली गेली त्या झाकिर हुसेन यांनाही स्वावलंबनाचा अतिरेक नको होता. गांधीजींच्या कल्पनेबद्दल कितीही आदर असला तरी शहांची हरकत आजही विसरून चालणार नाही. भाऊरावांची योजना टिकली, कारण तिथल्या विद्यार्थ्याच्या कामाचा लाभ त्याच्याच शिक्षणाला मिळत होता आणि शाळेचा तास कामाच्या तासाखाली चिरडला जात नव्हता.

जिल्ह्याच्या एका भागात नेमकं याच्या उलट घडतं. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आसपास हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत हंगाम संपतो. सोबत नेलेलं मूल फडात वाढं गोळा करतं, मोळ्या बांधायला हात लावतं, कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळतं आणि भाकरी थापतं. या कामाचा वेगळा हिशोबच नाही. ते कोयत्याच्या हिशोबात विरून जातं आणि कोयता उचलीत. मुलाने पाच महिने काम केलं, पण त्याच्या हातावर रुपयासुद्धा आला नाही, आणि दरम्यान शाळेतला वर्ग पुढे निघून गेला. साखरशाळा, जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहं आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना हे सगळे प्रयत्न एकाच गोष्टीसाठी आहेत : आईबाप फडावर गेले तरी मूल गावाजवळ, शाळेत राहावं. श्रमाचे संस्कार या गोड नावाखाली अशा मुलांच्या कष्टाचं कौतुक करणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरेल. श्रम त्यांना नको इतके माहीत आहेत.

कायद्याने याबाबत आता स्पष्ट भूमिका घेतली आहे. १ सप्टेंबर २०१६ पासून अमलात आलेल्या, बालकामगार कायद्यातल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या, धोका नसलेल्या उद्योगात आईबापांना मदत केली तर त्याला सूट आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवायला बंदी आहे. त्यामुळे सातवीतल्या मुलाला सुट्टीत हॉटेलात नाहीतर गॅरेजवर ‘शिकायला’ लावणाऱ्या पालकांनी भानावर यावं. त्या वयात कमाईचा धडा द्यायचा तर जागा घरची, काम घरचं आणि देणारे आईबापच.

घरातला आणखी एक हिशोब बहुतेक वेळा मांडलाच जात नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोबदल्याच्या घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटं. सहा वर्षांवरच्या सगळ्यांची ही पाहणी आहे, म्हणजे मुलीही तिच्यात आल्या. आता ‘जादा काम, जादा पैसे’ ही पद्धत या घरात आणून बघा. गाडी धुणं, टाकी साफ करणं, बाजारातून बी-बियाणं आणणं ही जादा कामं ठरतात आणि ती भावाला सांगितली जातात. भांडी, केर, चहा, पाहुण्यांचं ताट हा घरचा वाटा ठरतो आणि तो बहिणीकडे येतो. महिन्याच्या शेवटी भावाच्या डब्यात दीडशे रुपये असतात आणि त्याच्यापेक्षा जास्त राबलेल्या बहिणीच्या हातात काहीच नसतं. कुणी मुद्दाम अन्याय केलेला नसतो, तरी तो होतो. हे टाळायचं तर पैशाची यादी करण्याआधी बिनपैशाची यादी करावी लागते, आणि तिच्यावर मुलगा-मुलगी दोघांची नावं सारख्या दिवसांनी लिहावी लागतात. भावाने सोमवारी भांडी घासली तरच बहिणीला शनिवारी टाकी घासून तीस रुपये मिळवायला वेळ उरेल.

पैसे हातात आल्यावरचा भाग आईबापांना अधिक जड जातो. कमाई मुलाची म्हणायची, आणि त्याने ती फटाक्यांत किंवा मोबाइलवरच्या खेळात घालवायची ठरवली की हात पुढे करायचा, असं बहुतेक घरांत होतं. धोक्याचं आणि वाईट सवयीचं जे आहे ते अडवायलाच हवं. ऑनलाइन जुगाराचे खेळ त्यात आले. पण स्वस्त घड्याळ घेतलं आणि ते आठवड्यात बंद पडलं, एवढ्याने कुणाचं बिघडत नाही. महिनाभर टाकी आणि गाड्या धुऊन मिळवलेले पैसे बंद घड्याळात गेले, हे त्या मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या वेळी दुकानात ते वस्तू उलटसुलट करून बघतं, हमी विचारतं. जे आईबाप पूर्ण रक्कम सक्तीने डब्यात टाकायला लावतात, ते बचत शिकवतात खरी, पण निवड शिकवत नाहीत. अर्धी रक्कम मुलाच्या मनाने खर्च करायला आणि अर्धी त्यानेच ठरवलेल्या मोठ्या वस्तूसाठी, असा ठराव अनेक घरांत चालतो आणि तो वाजवी आहे.

हिशोबाची वही मात्र हवीच, आणि ती मुलाच्या हाताने लिहिलेली हवी. तारीख, काम, ठरलेले पैसे, मिळालेले पैसे. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवण्याचं कारण असं की मोठी माणसं पैसे द्यायला विसरतात. “देते रे, सुटे नाहीत,” असं म्हणत आठवडा जातो. मजुराचा रोज थकवणाऱ्या माणसाबद्दल गावात काय बोललं जातं हे सगळ्यांना माहीत आहे. मुलाचा रोज थकवणारे आईबापही त्याच्या मनातून तसेच उतरतात. काम नीट झालं नसेल तर ते पुन्हा करायला सांगावं, पण ठरलेला भाव नंतर पाडू नये. आणि मुलाने एखादं जादा काम नाकारलं तर ते नाकारू द्यावं. घरच्या वाट्याला नाही म्हणता येत नाही. जादा कामाला म्हणता येतं, नाहीतर ते जादा उरत नाही.

पूर्वी ही रक्कम मातीच्या गल्ल्यात जायची किंवा शाळेच्या संचयिका बँकेत, जिथे पासबुकं लिहिण्यापासून पैसे मोजण्यापर्यंतचं काम विद्यार्थीच करत. आता बँकेचं दार उघडं आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खातं चालवू देण्याची मुभा बँकांना दिली होती आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याबद्दल नव्याने सूचना काढल्या. किती रकमेपर्यंत व्यवहार करू द्यायचा हे प्रत्येक बँक ठरवते. खात्यात असतील तेवढेच पैसे काढता येतात, उसने काढण्याची सोय नाही. दहा वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकांमार्फत उघडतं, आणि पालक म्हणून आईचं नावही चालतं. पोस्टातही दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं चालवता येतं, आणि पोस्ट जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात आहे. स्लिप मुलाने भरावी, सही मुलाने करावी, आणि काउंटरवरच्या माणसाने काय विचारलं ते मुलानेच सांगावं. आई-वडिलांनी मागे उभं राहावं.

अठरा पूर्ण झाल्यावर बँक नव्याने सह्यांचे नमुने मागते. त्याच सुमारास मूल महाविद्यालयात पोचलेलं असतं, आणि पुणे, नाशिक, अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा आणि शिका योजना त्याला खुली असते. ग्रंथालयातली पुस्तकं लावणं, प्रयोगशाळेत मदत, कार्यालयातलं लिखाण, बागेची निगा अशी कामं असतात, दिवसाच्या तासांना मर्यादा असते आणि मानधन तासाच्या हिशोबाने मिळतं. ग्रामीण आणि गरजू विद्यार्थ्यांना प्राधान्य असतं. अर्ज महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास विभागात द्यायचा असतो, तोही वर्ष सुरू होताच, कारण जागा मोजक्या असतात आणि त्या लवकर भरतात.